बत्तीसशेची रॅम आणि चोवीसशेचा लॅपटॉप

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. "दादा, नवीन लॅपटॉप घ्यायचाय. बजेट पन्नास. तू सांगशील तो घेते. फक्त या वेळी दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस." आणि खो खो हसली. मागे मामाही हसत असल्याचं ऐकू आलं. आमच्या घरात हा किस्सा आता चार वर्षं जुना झालाय, पण दर दिवाळीला ताजा करून वाढला जातो. म्हटलं, एकदाचा लिहूनच टाकावा. कारण मी भांडलो ते बरोबर होतं असं माझं अजूनही मत आहे. फक्त ज्याच्याशी भांडलो तो माणूस चुकीचा होता, आणि ज्या गोष्टीवरून भांडलो तीसुद्धा.

तर झालं असं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेज घरात आलं आणि सांगलीच्या मामाने मुलीसाठी चाळीस हजारांच्या आतला एक लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव सोडून द्या, त्या किमतीत सगळ्यांची तऱ्हा साधारण सारखीच. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, दिसायला चकाचक. ही सिव्हिलला. पहिली दोन वर्षं ऑनलाइन लेक्चर आणि असाइनमेंट यात निभावलं. तिसऱ्या वर्षाला बिल्डिंगची थ्रीडी मॉडेल्स करायची वेळ आली आणि लॅपटॉपने मान टाकली. मॉडेल उघडायचं, पण माउसने फिरवायला गेलं की बिल्डिंग अडखळत, धक्के खात फिरायची, आपल्या घाटातल्या एसटीसारखी.

२०२२ च्या दिवाळीत ती डोंबिवलीला आमच्याकडे आली ती लॅपटॉप घेऊनच. मी तेव्हा नोकरीला लागून दोनच वर्षं झालेला, ज्ञान अंगात मावत नव्हतं. मागचं झाकण उघडलं, आत एक आठ जीबीची स्टिक आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. लगेच निदान जाहीर केलं, "रॅम टाकू." गेलो लॅमिंग्टन रोडला. (सरकारी कागदावर डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने विचारलंत तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील.) आठ जीबी, डीडीआर ४, ३२०० ची स्टिक घेतली. अडीच हजारांच्या आसपास. तिला फुशारक्या मारून सांगितलं, "तुझी जुनी २४०० ची आहे, ही ३२०० ची. बघ आता."

लावली. विंडोज सुरू झालं. सोळा जीबी दिसली. टास्क मॅनेजर उघडला आणि मेमरीच्या खाली स्पीड: २४००.

जुनी स्टिक काढून नुसती नवी लावली. २४००. बायॉस उघडून बघितला. त्यात घड्याळ, पासवर्ड आणि बूट कुठून करायचं, एवढंच. रॅमचा र सुद्धा नाही. मामाचा फोन आला, "काय रे, झालं का काम?" मी म्हटलं, "मामा, दुकानदाराने गंडवलं. २४०० ची स्टिक ३२०० चा स्टिकर लावून दिलीय." मामा म्हणाला, "अरे, पण तू इंजिनिअर ना?"

हे वाक्य फार लागतं हो.

सोमवारी हाफ डे टाकून, स्टिक पुरावा म्हणून परत डबीत घालून, लॅपटॉपसकट दुकानात गेलो आणि आवाज चढवून बोललो. काउंटरवरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्टिक घेतली, आतल्या दुसऱ्या एका लॅपटॉपमध्ये लावली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ३२००. मग आमचा लॅपटॉप हातात घेऊन त्यावरचा प्रोसेसरचा स्टिकर वाचला आणि म्हणाले, "साहेब, गाडीला पाचवा गिअरच नाही, आणि तुम्ही पेट्रोल पंपावर येऊन भांडताय."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी चहा मागवला. त्या चहाची चव अजून लक्षात आहे, फार वाईट होती :)

आता त्यामागचं तंत्र थोडक्यात. रॅमचा वेग एकटी रॅम ठरवत नाही. प्रोसेसरच्या पोटात मेमरी कंट्रोलर असतो. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली तो प्रोसेसरमध्ये घेतला. रॅमच्या स्टिकवर एक चिमुकली चिप असते, तिच्यात त्या स्टिकची सगळी पत्रिका लिहिलेली. लॅपटॉप चालू होताना बायॉस ती पत्रिका वाचतो, कंट्रोलरला काय झेपतं ते बघतो आणि दोघांना मानवेल असा वेग ठरवतो. ३२०० ची स्टिक २४०० च्या कंट्रोलरला जोडली तर ती मुकाट्याने २४०० ने चालते. काही बिघडत नाही, काही जळत नाही. दोन स्टिक वेगवेगळ्या वेगाच्या असतील तर दोघी हळू असणारीच्या चालीने चालतात.

आणि प्रोसेसरांची ही मर्यादा काही गुपित नाही. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही साइटवर प्रत्येक मॉडेलच्या पुढे लिहिलेली असते. आय-५ ८२५०यू, २४००. रायझन ५ ३५००यू, २४००. आय-५ १०२१०यू, २६६६. आता गंमत बघा, आय-५ १०३५जी१ हाही त्याच दहाव्या पिढीचा, तोही २०१९ सालचाच, आणि त्याला मात्र ३२००. दुकानात दोन्हींची ओळख एकच, "टेन्थ जनरेशन आय फाइव्ह आहे सर." म्हणजे माहिती उघड आहे, पण ती शोधायला आधी कुठला प्रश्न विचारायचा हे माहीत असावं लागतं. मला, चार वर्षं इंजिनिअरिंग करून, माहीत नव्हतं. मामाला कुठून असणार?

बरं, कंपन्या ही मर्यादा का घालतात? सगळंच कारस्थान नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. प्रोसेसरपासून रॅमच्या स्लॉटपर्यंत तांब्याच्या बारीक रेषा जातात. वेग वाढला की त्या रेषांची लांबी, अंतर, बोर्डाचे थर हे सगळं काटेकोर लागतं. बोर्डाचा एखादा थर कमी केला की प्रत्येक नगामागे पैसे वाचतात, आणि चाळीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक पैसा मोजलेला असतो. जो वेग सगळ्या बोर्डांवर, मेच्या उकाड्यातल्या नागपुरातसुद्धा, न कुरकुरता चालेल तोच ठेवायचा. बायॉसमधले पर्याय काढून टाकण्याचं कारण तर मला माझ्याच कामावरून कळतं. आम्हीही सॉफ्टवेअरमधली सेटिंग्ज लपवतो. कारण दहा हजारांतले दहा जण काहीतरी उलटंसुलटं करतात आणि मग सपोर्टवाल्यांचे फोन आम्हाला येतात. रॅमचा वेग चुकीचा टाकला तर लॅपटॉप चालूच होणार नाही. तो वॉरंटीत घेऊन येणारा माणूस "मी काहीच केलं नाही" असंच म्हणणार. इथपर्यंत मी कंपनीच्या बाजूने आहे.

पण सगळी मर्यादा तांब्याची नसते, काही धोरणाचीही असते. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण डेस्कटॉपमधलं आहे, कारण तिथे बोर्ड बदलून बघता येतो. २०२० मध्ये आलेला इंटेलचा आय-५ १०४०० घ्या. बी४६० चिपसेटच्या बोर्डावर त्याची रॅम २६६६ च्या पुढे जात नसे. तोच प्रोसेसर महागड्या झेड४९० बोर्डावर बसवला की ३२०० आणि त्याच्याही पुढे आरामात. प्रोसेसर तोच, रॅम तीच. मग २०२१ मध्ये बी५६० आला आणि इंटेलने स्वस्त बोर्डांनाही ते दार उघडून दिलं. म्हणजे कुलूप होतं, आणि किल्लीही त्यांच्याकडेच होती. एएमडी तेव्हा स्वस्त बोर्डांवरही हे करू देत होती, हा योगायोग आहे असं ज्यांना मानायचं त्यांनी मानावं. लॅपटॉपमध्ये अशी बोर्ड बदलून तुलना करता येत नाही. त्यामुळे आपल्या मशीनमधली मर्यादा तांब्याची की धोरणाची, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

असो. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी पडल्या चेहऱ्याने घरी आलो, दोन्ही स्टिक लावल्या, झाकण बंद केलं आणि तिला म्हटलं, "घे, २४०० तर २४००." तिने मॉडेल उघडलं. दोन मिनिटांनी ओरडली, "दादा, बिल्डिंग फिरतेय रे!" खरंच फिरत होती. लोण्यासारखी. वेगाचा आकडा तसूभरही वाढलेला नव्हता! मला वाटलं जागा वाढली म्हणून असेल. पण ते मॉडेल उघडल्यावर एकूण वापर साडेपाच-सहा जीबीच होत होता, जुन्या आठात तो बसतच होता. शनिवारी स्टिक लावल्यावरच हे दिसलं असतं, पण मी आकडा बघून इतका तापलो की तिला मॉडेल उघडूच दिलं नाही.

मग कागद घेऊन बसलो. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधला एका चॅनेलचा रस्ता ६४ बिटचा, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. २४०० म्हणजे सेकंदाला २४० कोटी खेपा. गुणाकार केला की सेकंदाला १९.२ जीबी. ३२०० असती तर २५.६. पण दुसऱ्या स्लॉटमध्ये स्टिक बसली की रस्ताच दुपदरी होतो आणि २४०० वरच ३८.४ मिळतात. ज्या आकड्यासाठी मी लॅमिंग्टन रोडवर तमाशा केला तो मला एक तृतीयांश जास्त देणार होता. आणि रिकामा स्लॉट भरल्याने मला दुप्पट मिळालं, तेही नकळत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं चित्र काढणारा भागसुद्धा याच रॅमवर जगतो. त्याला हा रस्ता रुंद झाला की लगेच श्वास मिळतो. ब्राउझर आणि वर्डला मात्र एवढा फरक पडत नाही.

आणखी एक. उत्तर यायला लागणारा वेळ म्हणाल तर तो दोन्हींत जवळपास सारखाच असतो. २४०० च्या साध्या स्टिकला १७ घड्याळटिक लागतात, ३२०० च्या साध्या स्टिकला २२. टिक लहान पण जास्त. हिशेब केला तर एक १४.२ नॅनोसेकंद, दुसरी १३.७५. यासाठी मी हाफ डे टाकला होता. (आणि कुणी तुम्हाला सीपीयू-झेडमध्ये १२०० दाखवून घाबरवलं तर घाबरू नका. ते खरं घड्याळ दाखवतं, आणि डीडीआर एका टिकेत दोनदा माल पाठवते, म्हणून २४००.)

म्हणजे तोवरची दोन वर्षं त्या पोरीचा लॅपटॉप अर्ध्या रस्त्यावर चालत होता. एक स्लॉट रिकामा ठेवून. चार-चारच्या दोन स्टिकऐवजी आठची एक टाकली, बहुधा तेवढीच स्वस्त पडत असेल म्हणून. पुढे वाढवायला स्लॉट मोकळा राहतो हा फायदाही आहे, नाही असं नाही. पण मग ते सांगा ना! खोक्यावर, वेबसाइटवर, बिलावर कुठेही एक अक्षर नव्हतं. "आठ जीबी डीडीआर ४" एवढंच. वेगाचा आकडा लोकांना कळतो, फोरव्हीलरच्या सीसीसारखा, म्हणून कधीकधी तो छापतात. तोही स्टिकचा, मशीन ज्या वेगाने चालतं त्याचा नाही. खाली चांदणी, आणि चांदणीच्या खाली मुंगीच्या अक्षरात "प्रोसेसरनुसार बदलू शकेल" अशा अर्थाचं काहीतरी. चॅनेल किती भरलेत हे तर मुंगीच्या अक्षरातही नसतं.

हे किती गंभीर आहे याचा दाखला इंटेलने स्वतःच दिला आहे. २०२० मध्ये अकराव्या पिढीसोबत त्यांनी आयरिस एक्सई नावाचं ग्राफिक्स आणलं आणि नियम केला की रॅम दोन्ही चॅनेलवर असेल तरच ते नाव लावायचं. एकच स्टिक असेल तर आय-५ ११३५जी७ सारख्या प्रोसेसरमधलं तेच ग्राफिक्स, तीच सिलिकॉनची चकती, विंडोजमध्ये स्वतःची ओळख साधं "यूएचडी" म्हणून करून देते. दुसरी स्टिक घाला, पुन्हा चालू करा, नाव बदललेलं! चिप बनवणारी कंपनी म्हणते, अर्ध्या रस्त्यावर चालणार असाल तर आमचं चांगलं नाव लावू नका. आणि लॅपटॉप विकणारे तोच प्रोसेसर एका स्टिकवर विकत राहिले, नावाच्या जाहिरातीत प्रोसेसरचा नंबर ठळक.

मेमरी लपवून नाव तेच ठेवण्याचा खेळ लॅपटॉपपुरता नाही म्हणा. एनव्हिडियाचं जीटी १०३० कार्ड २०१७ मध्ये आलं तेव्हा त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर ४ वालं कार्ड बाजारात आलं, १६.८ जीबीचं. तिप्पटीच्या आसपास फरक, नाव तेच.

काही वेळा दुसऱ्या पदराचा प्रश्नच नसतो. सध्या स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसणारा इंटेलचा एन१०० मुळातच एका चॅनेलचा आहे. डीडीआर ५ घेतली तरी ४८०० च्या पुढे नाही, म्हणजे सेकंदाला ३८.४ जीबी. ओळखीचा आकडा वाटतो ना? आमच्या जुन्या लॅपटॉपला दोन स्टिकवर मिळाला तोच. या चिपबद्दल माझी तक्रार नाही, तिचं काम आणि किंमत दोन्ही लहान आहेत. तक्रार "डीडीआर ५" ही अक्षरं मोठी करून जुन्यापेक्षा दुप्पट वेगवान असल्याचा आव आणणाऱ्या बॅनरबद्दल आहे. दुसऱ्या टोकाला २०२२ मधला रायझन ५ ७५२०यू. त्याला एलपीडीडीआर ५, ५५०० ची. वेगाच्या नावाने बोटं मोडायला जागाच नाही. पण ही रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली. आज आठ जीबी घेतलीत तर ती जन्मभर आठच. मला विचाराल तर या दोघांत मी हळू चालणारा पण स्लॉटवाला लॅपटॉप घेईन, कारण तीन वर्षांनी कुठल्यातरी मामेबहिणीची बिल्डिंग अडणार असते.

आणि आता तर हा विषय पुन्हा महाग झालाय. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमच्या किमती चढत गेल्या. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये गिऱ्हाइकांना थेट विकायचा क्रुशियल हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी पन्नास हजारांत लॅपटॉप बसवायचा तर कंपनी पहिली कात्री कुठे लावेल? पडदा दिसतो, बॉडी दिसते, प्रोसेसरचा स्टिकर दिसतो. न दिसणारी गोष्ट एकच.

माझी मागणी फार मोठी नाही. बायॉस उघडून द्या असंही मी म्हणत नाही, ठेवा बंद. फक्त खोक्यावर एवढं छापा: रॅम या मशीनमध्ये प्रत्यक्ष किती वेगाने चालेल, दोनपैकी किती चॅनेल भरलेत, स्लॉट किती आणि डाग दिलेली किती. खोक्यावर छापायची सवय नाही असं तर नाही. आपल्या वजनमापाच्या कायद्यामुळे लॅपटॉपच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचा पत्ता, महिना, कमाल किंमत हे सगळं असतं, आणि संख्येच्या जागी "१ नग" असंसुद्धा प्रामाणिकपणे छापलेलं असतं. बटाट्याच्या वेफर्सवर मीठ किती ते लिहितात, फ्रिजवर तारे लावतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण, मानक यांची माहिती मिळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. ते विकत घेतल्यानंतरच्या डोकेदुखीसाठी. मी म्हणतोय ते विकत घेण्याच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल.

तर, बहिणीला मी फोनवर मॉडेल सुचवलं नाही. म्हटलं, दुकानात जा आणि एकच प्रश्न विचार, रॅमची एक स्टिक आहे की दोन, की बोर्डावर डाग दिलेली? परवा ती सांगलीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेली, फोन चालू ठेवूनच. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिने प्रश्न विचारला. सेल्समन थोडा थांबला, आपल्या मोबाइलवर काहीतरी बघितलं असावं, आणि उत्साहाने म्हणाला, "मॅडम, एट जीबी आहे. लेटेस्ट."

"दादा," ती हळूच म्हणाली, "भांडू का?"